तासगावचा वकील, नरेगाचं बळ

जयपूरच्या सीतापुऱ्यात निर्यातीचे कपडे शिवायला चाकसू-निवाईकडच्या गावांतून बायका येतात. ठेकेदारानं दर पाडला की एखादी त्याला तोंडावर सुनावते, 'नहीं तो नरेगा में चली जाऊँगी.' मी मूळची तासगाव तालुक्यातली, इथं शिवणविभाग सांभाळते. तिच्या या हिमतीमागे आमच्याकडच्या एका वकिलाची पुण्याई आहे, हे मी इथं सगळ्यांना सांगते. महाराष्ट्रात तरी हे किती जणांना ठाऊक आहे?

त्यांचं नाव वि. स. पागे. स्वातंत्र्यलढ्यातून आलेले हे वकील १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. हाती कुठलं खातं नसताना त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांकडे ग्रामीण रोजगाराचा आग्रह धरला. आमच्याकडच्या विसापूर भागात प्रयोग झाला, १९७२च्या दुष्काळात योजना राज्यभर पोचली. १९७७ साली विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ला तो अमलात आला.

पाग्यांमधला वकील मला इथं दिसतो. दुष्काळी कामं सरकार मनात आलं की काढतं, मनात आलं की बंद करतं. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते द्यायचं, नाहीतर भत्ता द्यायचा, असं कायद्यात आलं की मजुराला कुणाचे पाय धरावे लागत नाहीत. पैशाचीही सोय झाली: १९७५चा व्यवसाय कर आणि त्याच्याइतकीच राज्याची भर. पुण्यात नोकरी करताना माझ्या पगारातून दरमहा दोनशे रुपये कापले जायचे, फेब्रुवारीत तीनशे. बरोबरचे कुरकुरायचे. मला ते पैसे कधी डाचले नाहीत, कारण माझ्या आजीनं रोजगार हमीच्या पाझर तलावावर माती वाहून घर जगवलं.

२००५चा केंद्राचा नरेगा कायदा याच वाटेनं आला. त्यानं घरटी वर्षाला शंभर दिवसांची हमी दिली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची मर्यादाच नव्हती.

पाग्यांचं काम एका कायद्यावर मोजता येतं; आज आमदाराचं काम आपण सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट दिव्यांवर मोजतो. ही कामं नगरपालिका, जिल्हा परिषद करू शकते. कायदा मात्र विधिमंडळातच होतो, आणि आमदाराला आपण तिथं त्यासाठी पाठवतो. म्हणून जयपूर असो की तासगाव, मत मागायला दारात येणाऱ्याला विचारा: गेल्या पाच वर्षांत कुठल्या विधेयकावर बोललात, कुठली दुरुस्ती सुचवलीत?