झाकून ठेवण्याचा आजार नव्हे
निपाणीस एका स्नेह्यांच्या घरी गेलो असता त्यांची नववीतील मुलगी इन्शुलिनचे पेन दप्तराच्या तळाशी, वह्यांखाली लपविताना दिसली. आईची ताकीदच तशी होती : "वर्गात कळता कामा नये, उद्या लग्न जमताना अडेल." आईची काळजी मला समजते, परंतु ह्या झाकपाकीत मुलीच्या जिवाला धोका आहे, हे स्पष्टच सांगितले पाहिजे.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोस ज्याला इन्शुलिन प्रथम टोचले, तो लेनर्ड थॉम्प्सन १४ वर्षांचाच होता. हा टाइप-१ मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही, शेजारी बसल्याने लागत नाही. शरीरात इन्शुलिन बनेनासे होते, म्हणून ते बाहेरून घ्यावे लागते, इतकेच.

खरी कसोटी रक्तातील साखर उतरते तेव्हा. ती ७० च्या खाली गेली की हात कापतात, घाम सुटतो, बोलणे भरकटते. अशा वेळी जवळ असते ती बाकावरची मैत्रीण. तिने तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावयास लावावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काही न घालता तत्काळ डॉक्टर गाठावा. मैत्रिणीस काही ठाऊकच नसेल, तर ती "नाटक करते" म्हणून हसेल.

वर्गात साखर तपासण्याची, इन्शुलिन घेण्याची व वेळेवर खाण्याची मुभा मुलांस द्यावी, असे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांस कळविले. सरकारी पत्र शाळेपर्यंत पोचेल. घरातील भीती मात्र आपल्यालाच घालवावी लागेल. ते पेन वह्यांखालून निघून डब्याशेजारी आले पाहिजे.