खोरे राखायचे, पण कुणाला वगळून?

कृष्णा आणि कोयना या दोन बहिणी महाबळेश्वरच्या एकाच डोंगरावर जन्मतात, निराळ्या खोऱ्यांतून वाहतात आणि कराडला प्रीतिसंगमावर समोरासमोर येऊन मिळतात. या दोन्ही खोऱ्यांच्या माथ्याचा प्रदेश, म्हणजे वाई, महाबळेश्वर, जावळी, सातारा आणि पाटण या तालुक्यांचा डोंगराळ भाग, हा राष्ट्राचा ठेवा असल्याचे सरकार सांगते. पुराव्यादाखल घोषणांची यादीही देता येते. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले. २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी हा परिसर संवेदनक्षम क्षेत्र म्हणून जाहीर झाला. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाची जी ३९ स्थळे जागतिक वारसा म्हणून मान्य केली, त्यांत कासचे पठार आणि कोयनेचे जंगल आहे. कागदावरील संरक्षण एवढे भक्कम असलेली खोरी देशात थोडीच असतील.

आणि याच खोऱ्यात २०१९ मध्ये राज्य सरकारने एका रस्ते विकास महामंडळाला नियोजन प्राधिकरण नेमले. काम कोणते? तर ‘नवीन महाबळेश्वर’ नावाचे गिरिस्थान उभारण्याचे. त्यासाठी सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतील २३५ गावांचे सुमारे १,१५३ चौरस किलोमीटर क्षेत्र या महामंडळाच्या हाती दिले गेले; २०२४ मध्ये आणखी २९४ गावे त्यात घालण्यात आली. ज्या डोंगराचे झाड तोडू नये म्हणून शेतकऱ्याला वनखात्याची नोटीस येते, त्याच डोंगरावर पर्यटनाचे आराखडे आखले जातात. हा सरकारच्या दोन खात्यांतील गोंधळ आहे, असे समजणारे भाबडे आहेत. संरक्षण आणि विक्री यांचा येथे झगडा नाही. आधी गावकऱ्याचा हक्क संरक्षणाच्या नावाने सैल करायचा आणि मग मोकळी झालेली जमीन पैसेवाल्याला दाखवायची, असा हा एकच क्रम आहे.

हा क्रम कोयनाकाठच्या माणसाला नवा नाही. १९५४ मध्ये कोयना प्रकल्पाचे काम सुरू झाले आणि १९६० च्या दशकात शिवसागर जलाशय भरू लागला. शंभराच्या आसपास गावे उठली. देवळे, पार, गावतळी आणि पिकती खाचरे पाण्याखाली गेली. त्या धरणातून महाराष्ट्राला सुमारे १,९६० मेगावॉट वीज मिळाली आणि मुंबई-पुण्याचे कारखाने चालले. वीज करण्यासाठी कोयनेचे पाणी सह्याद्री फोडून पश्चिमेला वाशिष्ठीत सोडले जाते. कृष्णा पाणी तंटा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घालून दिली. एवढ्या पाण्याचा हिशेब लवादापुढे झाला. उठलेल्या माणसांचा हिशेब मात्र अजून पुरा झालेला नाही. राज्यात पुनर्वसनाचा कायदा आला तो १९७६ मध्ये, कोयनेची गावे बुडून गेल्यावर. म्हणून तर धरणग्रस्तांच्या तिसऱ्या पिढीला २०१८ मध्ये कोयनानगरला ठिय्या मांडावा लागला. साऱ्या महाराष्ट्राला उजेड देणाऱ्या या पाण्याच्या काठावर कांदाटी खोऱ्यातील माणसे वर्षानुवर्षे बाजाराला आणि दवाखान्याला लाँचने जात राहिली.

पाण्याने जे वर ढकलले गेले, त्यांच्यावर दुसरी पाळी अभयारण्याची आली. धरणाच्या काठाने चढून डोंगरात राहिलेल्या वाड्यांना सांगण्यात आले, की त्यांची गुरे, त्यांची शेती आणि त्यांची चूल हाच जंगलाला धोका आहे. पण हे जंगल राखले कुणी? गावोगावच्या देवरायांत कुऱ्हाड लागली नाही, ती कुठल्या राजपत्रामुळे नव्हे. देवाच्या धाकाने आणि गावाच्या शिस्तीने तेथील झाडे आणि झरे राहिले. नाचणी-वरीच्या शेतीची रीत, सामाईक कुरणे, पाणवठ्याचे पाळीचे नियम यांनी या खोऱ्याचे निसर्गरूप घडवले आहे. नदीचा सांस्कृतिक वारसा म्हणतात तो हाच. तो केवळ वाईच्या घाटांच्या चिऱ्यांत नाही.

परंतु सरकारी विचाराने निसर्ग आणि माणूस यांची फाळणी केली आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाविषयीचा अहवाल दिला. कोणता डोंगर किती राखायचा, याचा निर्णय ग्रामसभांपर्यंत नेला पाहिजे आणि जो राखील त्याला मोबदला मिळाला पाहिजे, हा त्या अहवालाचा गाभा होता. तो बाजूला ठेवून कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला. २०१३ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालाने उपग्रहाच्या चित्रावरून घाटाचे दोन भाग केले. एक नैसर्गिक, तर दुसरा वस्ती-शेतीचा म्हणजे ‘सांस्कृतिक’. सुमारे साठ टक्के घाट सांस्कृतिक ठरवून बाजूला काढण्यात आला आणि ३७ टक्के घाट राखावा अशी शिफारस झाली. म्हणजे जेथे माणूस आहे तेथे राखण्यासारखे काही नाही, आणि जेथे राखायचे आहे तेथे माणसाच्या शब्दाला किंमत नाही! त्या ३७ टक्क्यांचेही काय झाले? मार्च २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत केंद्राने अधिसूचनेचे एकामागून एक सहा मसुदे काढले. सहाव्या मसुद्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र दाखवले होते. मसुद्यांच्या या दहा वर्षांत डोंगर फोडणारी यंत्रे मात्र कुणाची वाट पाहत थांबली नाहीत.

कासचे उदाहरण बोलके आहे. पठाराला जगाची मान्यता मिळताच तेथे तारेचे कुंपण आले. पिढ्यान्‌पिढ्या तेथे चरणारी गुरे बाहेर पडली आणि गर्दी आत आली. गवत माजू लागले, फुले घटली, अशी तक्रार भोवतालच्या गावकऱ्यांनीच केली. अखेरीस कुंपण काढावे लागले. गुरांचे खूर आणि शेण हाही त्या फुलांच्या जीवनक्रमाचा भाग होता, हे ज्ञान गुराख्याजवळ आधीपासून होते. त्याला विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही.

यावर सत्ताधाऱ्यांचे उत्तर ठरलेले आहे. डोंगरात रोजगार नाही, तरुण मुंबईला जातो. पर्यटन आले तर तो गावी राहील. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जावळी-पाटणच्या घराघरांतून मुंबईला माथाडी आणि गिरणी कामगार गेले, ते हौसेने गेले नाहीत. परंतु जुन्या महाबळेश्वराचा अनुभव काय सांगतो? संवेदनक्षम क्षेत्राची अधिसूचना असताना तेथे अनधिकृत बांधकामे वाढली आणि त्यांचे खटले न्यायालयांपर्यंत गेले. जमीन एकदा विकली, की मूळ मालकाच्या मुलाला त्याच जमिनीवरच्या हॉटेलात खोल्या झाडण्याची नोकरी मिळते. त्याला रोजगार म्हणायचे असेल तर जरूर म्हणावे, पण विकास म्हणू नये. शिवाय डोंगराची सहनशक्ती संपत आली आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव येथे दरडी कोसळून घरे माणसांसह गाडली गेली. जेथे जुनी वस्ती सुरक्षित नाही, तेथे नवी नगरे वसवण्याचे धाडस कोणत्या हिशेबावर केले जात आहे?

नदीची स्थितीही पाहावी. वाईला घाटाघाटांवर कृष्णाबाईचा उत्सव निष्ठेने होतो. पण त्याच कृष्णेचे नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आहे. घाटांची डागडुजी आणि रोषणाई यांना निधी मिळतो, कारण त्याचे उद्घाटन करता येते. सांडपाण्याच्या नळाचे उद्घाटन कोण करणार? उगमावर देवीची ओटी भरायची आणि खाली तिच्या अंगावर गटार सोडायचे, याला वारशाचे जतन म्हणत नाहीत.

चळवळीनेही येथे आत्मपरीक्षण केले पाहिजे. धरणग्रस्तांच्या लढ्यात समाजवादी आणि डावे कार्यकर्ते राहिले. जंगल आणि फुलांचा प्रश्न मात्र शहरी निसर्गप्रेमींचा म्हणून त्यांनी सोडून दिला. त्या रिकाम्या जागेत खाण-मालक आणि जमिनीचे दलाल शिरले. ‘संवेदनक्षम क्षेत्र झाले तर घरावर कौल घालता येणार नाही’ अशी भीती त्यांनी गावोगाव पेरली, आणि शेतकरी स्वतःच्याच डोंगराच्या रक्षणाविरुद्ध उभा राहिला. वनखात्याच्या जाचाचा अनुभव असलेल्या माणसाला ती भीती खरी वाटली, यात त्याचा दोष नाही. दोष त्याच्यापर्यंत दुसरा मार्ग घेऊन न जाणाऱ्यांचा आहे.

तो मार्ग आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वन राखण्याचा व त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. त्याच्या बळावर गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा हक्क मिळवला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समित्या करण्यास सांगितले आहे. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात हे कायदे कामाला लावणे, हा या घडीचा कार्यक्रम असला पाहिजे. सरकारकडून मदत हवी, पण ती कशासाठी, हे खोऱ्याने सांगायचे आहे. कोयनेच्या धरणग्रस्तांचे राहिलेले पुनर्वसन आधी पुरे करावे. ‘नवीन महाबळेश्वर’चा आराखडा रद्द करावा. देवराया, कुरणे आणि झरे राखणाऱ्या गावांना त्यांच्या श्रमाचा मोबदला विजेच्या आणि पाण्याच्या उत्पन्नातून द्यावा. नदीकाठच्या प्रत्येक शहराने सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडू नये. दरडीच्या छायेतील वाड्यांना गावाच्या संमतीने आणि गावाच्या जवळच सुरक्षित जागा द्यावी.

या मागण्यांचे ठराव ग्रामसभांतून झाले पाहिजेत आणि त्यासाठी कार्यकर्त्यांनी तापोळ्यापासून पाटणपर्यंत वाडीवाडीत गेले पाहिजे. ज्यांच्या गावांवरून पाणी गेले, त्यांच्या संमतीवाचून या डोंगराचा एक दगडही यापुढे हलता कामा नये.