टाकी ते टाकी

लग्नाच्या पंगतीत असो की सोसायटीच्या पार्किंगमध्ये, नवी गाडी दिसली की प्रश्न येतोच: ॲव्हरेज किती देते? उत्तरही तयार असतं, अठरा, बावीस. हा आकडा आला कुठून, ते मात्र कुणी विचारत नाही. बहुतेकदा तो डॅशबोर्डच्या पडद्यावरून उचललेला असतो, नाहीतर शोरूमच्या माहितीपत्रकातून.

माहितीपत्रकातला आकडा खोटा नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत गाडी रोलरवर उभी करून, वेग ठरलेल्या क्रमाने कमी-जास्त करत तो काढतात. तिथे चढ नाही, खड्डे नाहीत, एसी बंद असतो आणि वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. दोन गाड्यांची तुलना करायला ही चाचणी चांगली. आपल्या रोजच्या रस्त्याचा आकडा मात्र आपणच काढायला हवा.

त्याची रीत सोपी आहे. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचं आणि गाडी नेहमीसारखी वापरायची. टाकी बरीच उतरली की शक्यतो त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायची. झालेल्या किलोमीटरना आता भरलेल्या लिटरनी भागायचं. पंपावरचा मुलगा ‘राउंड फिगर करू का?’ विचारेल, त्याला नको म्हणा. कटनंतर ओतलेलं पेट्रोल हिशेब बिघडवतं आणि वाफेसाठी ठेवलेली जागाही खातं. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. तीन-चार टाक्यांचे एकूण किलोमीटर आणि एकूण लिटर घ्या. शिवाय पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच. जुन्या वहीतल्या आकड्यांपेक्षा आजचा आकडा थोडा कमी आला, तर लगेच गॅरेज गाठायची गरज नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं गणित. समजा, घरात दोन गाड्या आहेत. छोटी २० वरून २५ वर गेली आणि मोठी १० वरून १२ वर. फायदा कुठे जास्त? छोटीत, असंच वाटतं. पण हजार किलोमीटरला छोटी ५० ऐवजी ४० लिटर पिईल, म्हणजे वाचले १०. मोठीचे १०० चे ८३ होतील, म्हणजे वाचले १७. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हीच गल्लत दाखवून दिली. म्हणून वहीत ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ असाही एक रकाना ठेवा. जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाडीकडे आधी लक्ष द्यायला हवं, हे तो रकाना सांगतो.

सुधारणेच्या गोष्टी फार नाहीत. टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासा. सिग्नल लांबलचक असेल तर इंजिन बंद करा. एक्स्प्रेसवेवर वेग आवरा: हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो.

आणि कळकळीने सांगतो, घाट उतरताना न्यूट्रल करू नका. त्याने पेट्रोल वाचतं ही समजूत कार्बोरेटरच्या काळातली. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन जवळजवळ पूर्ण बंद होतं. चाकंच इंजिनाला फिरवत ठेवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल जळतंच. त्या-त्या क्षणाचं ॲव्हरेज दाखवणारा पडदा असेल, तर शेजारी बसलेल्याला बघायला सांगा, फरक लगेच दिसेल. शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आवर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेले ब्रेक नेमके खालच्या वळणावर दगा देतात. वरंध घाट असो की आंबेनळी, उतार तीव्र असेल तर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा आणि मागच्याला हॉर्न वाजवू द्या.