समुद्रावर नवी खोती नको

१३ एप्रिल १९८७. वस्त्यावस्त्यांत दुसऱ्या दिवशीच्या भीमजयंतीची तयारी चालली होती. त्याच दिवशी महाराष्ट्र शासनाने मालवणच्या समुद्रात २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर केले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे पाणी, पद्मगड आणि आसपासचे खडक त्यात आले. प्रवाळ आणि मासे वाचावेत हा हेतू. हेतूला आमचा विरोध नाही. पण ज्यांची चूल त्या पाण्यावर पेटते त्यांचा विश्वास शासनाला मिळवता आला नाही. मच्छीमारांचा विरोध त्यातूनच आला.

हे आज सांगण्याचे कारण आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथे जगातील देशांनी ठरवले की, २०३० पर्यंत पृथ्वीवरील ३० टक्के जमीन व ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणायचा. भारतही त्यात आहे. म्हणजे नकाशावर नव्या रेषा ओढल्या जाणार. आमचा प्रश्न साधा आहे : रेषा ओढताना पेन्सिल कोणाच्या हातात असेल?

समुद्राचे शत्रू मच्छीमारच, असे चित्र रंगवले जाते. वस्तुस्थिती काय आहे? पर्ससीन जाळ्यांविरुद्ध आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध याच किनाऱ्यावरचे पारंपरिक मच्छीमार रस्त्यावर उतरले. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले, ते अशा लढ्यांच्या रेट्यानंतर. मासळीचे बीज वाचले पाहिजे, हे त्यांना कोणी परदेशी तज्ज्ञाने शिकवले नाही. आणि ज्या खडकांभोवती जाळे टाकणाऱ्याकडे संशयाने पाहायचे, त्याच खडकांवर आज पर्यटकांच्या होड्या थांबतात, पाण्यात बुड्या मारल्या जातात. मग निसर्गाला धोका फक्त गरिबाच्या जाळ्याचाच आहे काय?

कायदा तरी मच्छीमारांच्या बाजूने आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाली. समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याचे उपाय आधी करावेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पण 'स्थानिक मच्छीमार' म्हणजे कोण? होडीचा परवाना ज्याच्या नावावर आहे तो नोंदीत सापडतो. रापणीचा दोर ओढून वाटा घेणारा कुठे सापडेल? ओहोटीला कालवे-शिंपले काढणारी, मासळी सुकवून बाजारात बसणारी बाई? बंदरावर मोलमजुरी करणारा भूमिहीन, मग तो गाबीत असो की बौद्धवाडीतला? यांच्याकडे कागद नाही. कागद नाही म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून भरपाईही नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात हेच घडले. १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा मागितला गेला. ज्यांच्याकडे तो नव्हता, त्यांच्या झोपड्या तुटल्या आणि पर्यायी घराचा हक्कही उरला नाही.

कोकणाला ही रीत नवी नाही. खोतीत कसणारा एक आणि दप्तरात नाव दुसऱ्याचे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. त्याआधी १९२७ मध्ये महाडला त्यांनी सांगितले की, सार्वजनिक पाण्यावर माणसाचा हक्क आहे. चवदार तळ्याचे पाणी सर्वांचे, तर समुद्राचे पाणी कोणाचे? वनखाते आणि पर्यटन व्यावसायिक मिळून समुद्राचे नवे खोत होणार असतील, तर त्यांना खोतच म्हटले पाहिजे.

दोष आपल्याकडेही आहे. पर्यावरण म्हणजे पोटभरल्यांचा छंद, असे समजून आपली चळवळ या प्रश्नापासून लांब राहिली. मासळी संपली तर आधी उपाशी राहणार तो होडीचा मालक नव्हे, दोर ओढणारा. म्हणून संरक्षण हवेच, पण लोकांचे हवे. नवी रेषा ओढण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या प्रत्येक वाडीत ग्रामसभा घ्या. बिनकागदाच्या कष्टकऱ्यांची, बायांसह, नोंद करा. मासेमारीला बंदी असेल तेथे पर्यटनालाही तोच नियम लावा. एवढे करायची तयारी नसेल, तर निसर्गप्रेमाची भाषा किनाऱ्यावरच्या कष्टकऱ्यांना ऐकवू नका.