मागच्या रांगेतले घोडेस्वार

वेस्टर्न म्हटलं की आपल्याला क्लिंट ईस्टवुड आठवतो, फार तर जॉन वेन. 'शोले'मुळे त्या धुळीची ओळखही जुनीच. बड बेटिकरचं नाव मात्र चित्रपटवेड्यांच्या गप्पांतही क्वचितच निघतं. १९५६ ते १९६० या काळात रँडॉल्फ स्कॉटला घेऊन त्याने केलेले छोटेखानी वेस्टर्न या अंकाचं निमित्त आहेत.

'राइड लोनसम' (१९५९) जेमतेम ७३ मिनिटांचा. इनामासाठी गुन्हेगार पकडणारा नायक एका खुनी पोराला घेऊन निघतो, तोही उघड्या माळावरून, रमतगमत. मागावरच्या थोरल्या भावाने आपल्याला गाठावं, हीच त्याची इच्छा! का, ते इथे सांगत नाही. बर्ट केनेडीचे संवाद मोजके, आणि वाटेत भेटणारे गुंडही नायकाइतकेच आवडून जातात. (जेम्स कोबर्नचा हा पहिला चित्रपट.) कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनजवळचे तेच खडक बेटिकर पुन्हापुन्हा दाखवतो, पैसे बेताचे होते. तरी गाजलेल्या 'हाय नून'पेक्षा मला हे चित्रपट सरस वाटतात.

सुरुवात 'सेव्हन मेन फ्रॉम नाऊ'पासून करा, निदान ली मार्व्हिनसाठी. आणि पाहून झाल्यावर आम्हाला जरूर लिहा.