विश्लेषण : ज्यूंशी देवाने केलेला ‘करार’ अजून लागू आहे का? व्हॅटिकनला अडचणीत टाकणारा प्रश्न

कॅथलिक चर्च आणि ज्यूंचे संबंध बदलणाऱ्या ‘नॉस्ट्रा एटाटे’ या जाहीरनाम्याला २८ ऑक्टोबर २०२५ रोजी ६० वर्षे झाली. गाझा युद्धामुळे हे संबंध ताणले गेले, हे दिसतेच आहे. पण त्याखाली एक धर्मशास्त्रीय पेचही आहे आणि तो युद्धापेक्षा बराच जुना आहे.

१९६५ मध्ये काय बदलले?

येशूला क्रुसावर चढवल्याचा दोष सरसकट सगळ्या ज्यूंच्या माथी मारण्याची रीत युरोपात शतकानुशतके होती. फ्रेंच ज्यू इतिहासकार ज्यूल इझाक यांची पत्नी आणि मुलगी नाझींच्या छळछावणीत मारल्या गेल्या. हा द्वेष चर्चच्या शिकवणीतूनही पोसला गेला, असे त्यांचे म्हणणे होते. १९६० मध्ये त्यांनी ते थेट पोप जॉन तेविसावे यांच्यापुढे मांडले. पाच वर्षांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी तो सरसकट आरोप फेटाळला. ज्यूंपुरत्या सुरू झालेल्या या मसुद्यात पुढे इस्लाम, बौद्ध आणि हिंदू धर्मांचाही उल्लेख आला.

मग अडते कुठे?

मराठी बायबलचे दोन भाग आठवा : जुना करार आणि नवा करार. व्यवहारात नवा करारनामा झाला की जुना बाद होतो. चर्चही बराच काळ तेच शिकवत होते : ज्यूंशी देवाने केलेला करार संपला, त्यांची जागा आता चर्चची. १९८० मध्ये जर्मनीतील माइन्झ येथे पोप जॉन पॉल दुसरे यांनी मात्र हा करार देवाने कधीच रद्द केला नसल्याचे सांगितले. त्याला आधार संत पौल यांच्या रोमकरांस पत्राचा.

इथून पेच सुरू होतो. करार लागू असेल, तर ज्यूंना येशूची गरज काय? गरज नाही म्हटले, तर येशू सर्वांचा तारणहार हा चर्चचा गाभाच डळमळतो. गरज आहे म्हटले, तर करार ‘लागू’ म्हणण्याला अर्थ काय उरतो?

व्हॅटिकनचे उत्तर काय?

डिसेंबर २०१५ च्या दस्तऐवजात व्हॅटिकनने दोन्ही टोके धरून ठेवली. तारणाचे दोन समांतर मार्ग नाहीत. तरीही ज्यू तारणात सहभागी आहेत, आणि ते कसे हे देवाचे गूढ आहे. ही पळवाट वाटू शकते. पण ज्यूंच्या धर्मांतरासाठी चर्च कोणतीही संस्थात्मक मोहीम चालवणार नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. सक्तीच्या धर्मांतराचा इतिहास सोसलेल्या समाजाला गूढाच्या उकलीपेक्षा हे वाक्य अधिक मोलाचे आहे.

तरी वाद का होतात?

कारण श्रद्धा दस्तऐवजांपेक्षा प्रार्थनेत दिसते. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतील ज्यूंविषयीचा अवमानकारक शब्द १९५९ मध्ये वगळला गेला. पण जुन्या लॅटिन विधीसाठी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००८ मध्ये दिलेल्या नव्या प्रार्थनेत, ज्यूंनी येशूला तारणहार म्हणून ओळखावे, असे मागणे होते. ज्यू संघटना नाराज झाल्या. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी, नियमशास्त्र जीवन देत नाही, या अर्थाचे विधान केले, तेव्हा इस्रायलमधील ज्यू धर्मपीठाने पत्र लिहून खुलासा मागितला. ज्यूंसाठी तोरा म्हणजेच तर जीवन!

इस्रायलचे काय?

अनेक ज्यूंसाठी भूमी हा त्या कराराचाच भाग आहे. व्हॅटिकनने १९८५ मध्ये वेगळी भूमिका घेतली : इस्रायल या राष्ट्राकडे धार्मिक नव्हे, तर आंतरराष्ट्रीय कायद्याच्या नजरेतून पाहावे. उभयतांत मूलभूत करारावर सह्या झाल्या त्या १९९३ च्या अखेरीस. हमासच्या ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर ज्यू अभ्यासकांनी पोप फ्रान्सिस यांना खुले पत्र लिहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोपनी इस्रायलमधील ज्यूंना पत्र पाठवून ज्यूद्वेष हे देवाविरुद्धचे पाप असल्याचे म्हटले. भूमीच्या धार्मिक अर्थाबद्दल मात्र व्हॅटिकन १९८५ च्या पुढे गेलेले नाही.