विद्येचे वतन

अमेरिकेतल्या शेकडो महाविद्यालयांसाठी बारावीतली मुले एकच सामायिक अर्ज भरतात. गुण, छंद आणि निबंध यांच्याबरोबर आई-वडिलांनी कोणत्या महाविद्यालयातून पदवी घेतली, हेही त्यात लिहायचे असते. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वाढलेली मराठी मुलगी तिथे पुण्याचे सीओईपी किंवा सांगलीचे वालचंद लिहिते. तिच्या वर्गातली दुसरी एखादी मुलगी लिहिते, हार्वर्ड. दोघींनी सारख्याच रात्री जागवल्या असतील, गुणही सारखेच असतील. तरी हार्वर्डच्या दारात त्या सारख्या राहत नाहीत. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप देणारी ही ‘लेगसी’ची पद्धत म्हणजे विद्येचे वतन आहे. ते खालसाच झाले पाहिजे.

या वतनाचे मोल प्रवेशांवरून हार्वर्डवर झालेल्या खटल्यात उघड झाले. सहा वर्षांच्या प्रवेशांच्या नोंदी सांगतात, की माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे ३४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, इतरांपैकी सहा टक्क्यांनाही नाही. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्के खेळाडू होते, माजी विद्यार्थ्यांची वा प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले होती, नाहीतर अधिष्ठात्यांच्या खास यादीतली. ही सवलत नसती तर त्यांतल्या तीन चतुर्थांश मुलांना नकार मिळाला असता, असा अर्थतज्ज्ञांचा हिशेब आहे. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवून दिले, की परीक्षेतले गुण सारखे असूनही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना बड्या विद्यापीठांत जाण्याची संधी मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक असते. त्यामागचे एक मोठे कारण ‘लेगसी’ हेच आहे.

परंपरेच्या नावाने या पद्धतीचे समर्थन होते. त्या परंपरेचा जन्म पाहा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली हुशार मुले या विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊ लागली आणि जुन्या घराण्यांना धास्ती वाटली. तेव्हा नुसत्या गुणांवर प्रवेश देणे थांबले. ‘चारित्र्य’ आणि कुळ पाहिले जाऊ लागले. १९२० च्या दशकात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना अग्रक्रम मिळाला तो याच धास्तीतून. १९३५ मध्ये जॉन केनेडी यांनी हार्वर्डला लिहिलेला निबंध आजही उपलब्ध आहे. तो जेमतेम काही ओळींचा आहे. वडील जिथे शिकले तिथेच शिकायची इच्छा आहे, हे त्यातले एक ठळक कारण. केनेडी पुढे मोठे नेते झाले, हे खरेच. पण त्या काही ओळी पुरेशा ठरल्या, कारण आडनाव पुरेसे होते.

दुसरे समर्थन पैशाचे. माजी विद्यार्थी देणग्या देतात, त्यातून गरीब मुलांना शिष्यवृत्त्या मिळतात, असे सांगितले जाते. मात्र एमआयटी ‘लेगसी’ पाहत नाही, तरी तिला देणग्यांची ददात नाही. जॉन्स हॉपकिन्सने ही सवलत बंद केली. तिथे माजी विद्यार्थ्यांच्या नातलगांचे प्रमाण २००९ मध्ये १२.५ टक्के होते, ते २०१९ पर्यंत ३.५ टक्क्यांवर आले; त्याच काळात सरकारी ‘पेल’ मदतीला पात्र असलेल्या, म्हणजे गरीब घरांतल्या मुलांचे प्रमाण नऊवरून १९ टक्क्यांवर गेले. विद्यापीठ काही बुडाले नाही. माजी विद्यार्थ्यांची मुले मुळातच गुणवान असतात, हे तिसरे समर्थन. असतीलही, मग त्यांना आधाराच्या काठीची गरज काय?

जून २०२३ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. पिढ्यान्‌पिढ्या मागे राहिलेल्यांना दिलेला हात काढून घेतला गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या पुढे असलेल्यांच्या पाठीवरचा हात तसाच राहिला. हा पंक्तिप्रपंच अनेकांना सहन झाला नाही. मेरीलँड आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये खासगी विद्यापीठांनाही ही सवलत देण्यास बंदी केली. त्यावर स्टॅनफर्डने काय करावे? राज्याची शिष्यवृत्ती सोडली, ती रक्कम आपल्या तिजोरीतून देण्याचे ठरवले आणि ‘लेगसी’ कायम ठेवली. करसवलतीच्या रूपाने जनतेचा पैसा घेणाऱ्या संस्थांना जनतेचा नियम मात्र नको, हे चालू देता कामा नये. राज्याराज्यांचे कायदे पुरे पडणार नाहीत. संपूर्ण देशासाठी एकच कायदा हवा.

हा प्रश्न मराठी घरांपासून दूर नाही. अकरा नामांकित संस्थांकडे आलेल्या लाखो अर्जांचा २०२३ मध्ये अभ्यास झाला. तुल्यबळ गुणवत्तेच्या गोऱ्या मुलांपेक्षा दक्षिण आशियाई मुलांची तिथे पोहोचण्याची शक्यता जवळपास निम्म्याने कमी आढळली आणि त्यामागे काही अंशी ‘लेगसी’ होती. दोन सुटकेसा घेऊन तिकडे गेलेल्या पिढीच्या मुलांनी हा अन्याय सोसला. आता चित्र बदलते आहे. त्यांच्यातली काही मुले येलमध्ये, प्रिन्स्टनमध्ये शिकून आई-बाप झाली आहेत. उद्या त्यांच्या लेकरांच्या अर्जात ते वजनदार नाव असेल. वतन आपल्या दारी चालून येईल तेव्हाच आपली खरी परीक्षा आहे.

महाराष्ट्राला वतन म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. बापाच्या जागी मुलगा बसण्याचा हक्क इथे कित्येक शतके चालला. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपली, पाटीलकी १९६२ च्या. ती संपली म्हणून गावगाडा थांबला नाही. उलट ज्यांना चावडीची पायरी चढता येत नव्हती, त्यांची मुले कचेरीत खुर्चीवर बसली. अमेरिकेतल्या मराठी मंडळांनी हा अनुभव आपल्या लोकप्रतिनिधींपर्यंत पोहोचवावा आणि बंदीची मागणी करणाऱ्यांच्या बाजूने उभे राहावे. आपल्या नातवंडांचा फायदा होणार असला, तरीही. जी जागा आपल्या आई-बापांना कुणी वारशाने दिली नव्हती, ती आपणही कुणाला वारशाने देऊ नये.